घाटात तापणारी पद्मिनी

प्रश्न : माझी १९७८ची प्रीमियर पद्मिनी गाडी यवतेश्वर घाट चढताना तापते, सपाटीला ठीक चालते. मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिनातल्या पाण्याचं तापमान राखणारी झडप) काढून टाकला, तरी फरक नाही. – एक वाचक, सातारा

उत्तर : थर्मोस्टॅट आधी परत बसवा. मला संशय रेडिएटरचा, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या जाळीचा. गाडी तापल्यावर इंजिन बंद करून जाळीजवळ तळवा फिरवा. मध्येच गार पट्टा लागला, तर तिथल्या नळ्या क्षाराने बुजल्यात. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं की हेच होतं. वडिलांच्या फियाटमधून चुन्यासारखे पांढरे खडे निघालेले मला अजून आठवतात. रेडिएटर उतरवून नळ्या साफ करून घ्या, मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. पंखा फिरवणारा फॅनबेल्ट ढिला नाही ना, तेही बघा. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, अगदी कळकळीने सांगतो; वाफेने हात भाजतो.