माळ्यावरचे रुमाल

प्रश्न : ताई, सदाशिव पेठेतला आमचा वाडा दिवाळीनंतर बिल्डरच्या ताब्यात जातोय. माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेली नऊ गाठोडी सापडली. आत मोडी कागद आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, स्कॅन करा आणि रद्दीत द्या. काकांना खात्री आहे की पेशव्यांची पत्रं निघणार. काय करावं?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : गाठ सोडू नका. सोडलीच असेल, तर निदान कागद इकडचे तिकडे करू नका. तुमच्या गाठोड्यांना दप्तरखान्यात रुमाल म्हणतात, आणि रुमालात कुठल्या कागदाला कुठला कागद लागून आहे, हीसुद्धा माहितीच असते. मी हे चुकून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका घरातून आलेला रुमाल मी हौसेनं ‘नीट लावला’. पत्रं एकीकडे, हिशेब दुसरीकडे, जन्मपत्रिका तिसरीकडे. साहेब खूश! चार महिन्यांनी वाचायला बसले तर एका पत्रात, ‘सोबतचे यादीप्रमाणे ऐवज पावला.’ सोबतची याद कुठली? माझ्या नीटनेटक्या गठ्ठ्यात अकरा यादी होत्या. तो ऐवज काय होता, ते आजतागायत कळलेलं नाही.

तेव्हा रुमाल बांधलेला असतानाच फोटो काढा. चिठ्ठीवर पेन्सिलीनं क्रमांक घालून ती वर खोचा. ट्रंक कुणाच्या खोलीवरच्या माळ्यावर होती, ते लिहा. घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला विचारा, ही ट्रंक कुणाची, आणि सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. हे काम याच महिन्यातलं. वाडा पडला की माळा नाही, आणि माळा दाखवून आठवण काढायची सोयही नाही. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. कसर लागली म्हणून गच्चीवर ऊन दाखवू नका. ते पापड नव्हेत. भावाला स्कॅन करू दे, पण पाठीमागची बाजूही. पोचल्याची नोंद पुष्कळदा तिथेच असते. रद्दीचं मात्र नाव काढू नका.

आता काका. पेशवे दप्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसायांनी छापले, तर त्यांचेच ४५ खंड झाले. पेशव्यांच्या पत्रांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तुमच्या पणजीच्या वाणसामानाचा. मी एका घरची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, वाचली होती. १८९७ साली तिच्यात एकाएकी बांबू, तट्ट्या, सुतळी असा खर्च लागतो आणि दुधाचा रतीब थांबतो. प्लेगमुळे ते घर गावाबाहेर झोपडीत राहायला गेलं होतं. रँडच्या खुनाची गोष्ट पुण्यात कुणीही सांगेल. दूध बंद झालं, हे त्या कीर्दीखेरीज कोण सांगणार?

कागद ठेवायचे कुठे? भारत इतिहास संशोधक मंडळ तुमच्याच पेठेत आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असेच कागद गोळा केले आणि १९१० साली मंडळ उभारण्यात पुढाकार घेतला. तिथे आधी जाऊन बोला. देताना पोच घ्या, आणि घराण्याची हकिकत दोन पानं लिहून सोबत द्या. अशी हकिकत नसलेले रुमाल आयुष्यभर पाहिलेत मी. पोरक्यासारखे पडून असतात.

प्रश्न : मी रविवारी हेरिटेज वॉक घेतो. शनिवारवाड्यात लोकांना ‘काका, मला वाचवा’ आणि भूत हवंच असतं. किती ताणावं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताणू नका, गाळूही नका. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणरावांचा खून केला, हे पक्कं. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरलं, हेही. ‘ध’चा ‘मा’ केलेला मूळ कागद मात्र कुणी पुढे आणलेला नाही. तिथे ‘असं सांगतात’ एवढं म्हणा, नाटकी आवाज न काढता. भुताचा विषय निघाला तर तुम्हीच विचारा, वाड्याचे वरचे मजले गेले कुठे? १८२८च्या आगीत लाकूडकाम जळालं, दगडी जोती राहिली. लोक वाकून जोती बघायला लागले, की भूत मागे पडतं. माझा अनुभव आहे. पैसे वसूल झाल्याचा आनंद हवाच असेल, तर वाडा बांधायला १६,११० रुपये लागल्याचं सांगा. पुणेकर लगेच आजचा दर काढायला बसतात.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. मोडी वाचता यायला किती दिवस लागतील?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : अक्षरं पंधरा दिवसांत येतील, नजर बसायला वर्ष धरा. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं टांगलेली, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वर कालगणना निराळी. जुन्या कागदांत शुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११७१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७०, आणि हे वर्ष मृग लागल्यावर सुरू होतं, म्हणून त्याचा शेवट १७७१मध्ये. आकडेमोड तुम्हाला नवी नाही. शिकलात की कळवा, सदाशिव पेठेत नऊ रुमाल वाट बघतायत.