रोलर हलके केले, तरी गाडी चढावर का दमते?

प्रश्न : पिकअप वाढावा म्हणून मी माझ्या गिअरलेस स्कूटरच्या व्हेरिएटरमध्ये (इंजिनकडच्या पुढच्या पुलीत; तिच्यातले रोलर वेगाबरोबर बाहेर सरकून बेल्ट वर चढवतात) हलके रोलर बसवले. गाडी आता झपाट्याने निघते. पण सपाट रस्त्यावर इंजिन सतत ओरडते, टॉप स्पीड पूर्वीपेक्षा कमी भरतो आणि मागे कोणी बसले की लांब चढावर ती दमते. तिन्ही गोष्टी एकत्र साधता येतील का?

उत्तर : बऱ्याच अंशी येतील, मात्र त्या तिन्हींचा भार एकट्या रोलरांवर टाकून चालणार नाही. पूर्ण थ्रॉटलवर गाडी वेग घेत असताना इंजिन किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेऱ्यांवर) स्थिरावेल, हे प्रामुख्याने रोलरांचे वजन ठरवते. तो आकडा इंजिनच्या कमाल शक्तीच्या आरपीएमच्या जवळ असला, की पिकअप सर्वांत चांगला मिळतो. रोलर त्याहून हलके झाले, तर इंजिन कमाल शक्तीचा टप्पा ओलांडून फिरत राहते, म्हणजे आवाज वाढतो आणि ओढ घटते. आपल्या गाडीचे बहुधा हेच झाले असावे. म्हणून मॅन्युअलमधील आकडा पाहून, टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारे मीटर) लावून, प्रत्येक रोलरमागे अर्धा ग्रॅम वजन वाढवत जावे. सहा रोलर असतील तर एकूण फरक ३ ग्रॅमचा पडतो आणि तेवढाही जाणवतो. दोन वजनांचे रोलर मिसळायचे असल्यास ते एकाआड एक बसवावेत.

टॉप स्पीड कमी होण्याचे कारण तपासण्याची एक सोपी पद्धत मला फार उपयोगी वाटते. पुढच्या पुलीच्या उतरत्या पृष्ठभागावर केंद्रापासून काठापर्यंत मार्करने रेघ ओढावी, मोकळ्या व सुरक्षित रस्त्यावर एकदा पूर्ण वेग गाठावा आणि कव्हर उघडून रेघ कुठवर पुसली गेली आहे ते पाहावे. काठाजवळचा भाग तसाच राहिला असेल, तर बेल्ट वरपर्यंत चढतच नाही. याला अति हलके रोलर कारणीभूत असू शकतात. पण रुंदी झिजून कमी झालेला बेल्ट किंवा एका बाजूने सपाट झालेले रोलरही तोच परिणाम घडवतात, म्हणून नवे भाग घेण्याआधी झीज मोजावी. बेल्ट काठापर्यंत पोहोचत असेल, तर पुढचा वेग इंजिनची शक्ती, हवेचा विरोध आणि मागच्या चाकाजवळच्या ठरावीक गिअरांचे गुणोत्तर ठरवतात. तेथे रोलर बदलून काही मिळत नाही.

चढाचा प्रश्न बेल्टच्या दुसऱ्या टोकाच्या, मागच्या पुलीचा आहे. भार वाढला की तेथील टॉर्क कॅम (तिरप्या खाचांची रचना) आणि कॉन्ट्रा स्प्रिंग (पुली दाबून धरणारी मोठी स्प्रिंग) मिळून पुली आवळतात, बेल्ट बाहेरच्या बाजूला सरकतो आणि गाडी जणू खालच्या गिअरमध्ये येते. चढावर आरपीएम कोसळत असतील, तर स्प्रिंग सैल पडली आहे किंवा कॅमच्या खाचा अडकत आहेत असे समजावे. आरपीएम वाढत असून वेग घटत असेल, तर बेल्ट किंवा क्लच घसरत आहे. स्प्रिंग थोडी कडक घेण्यास हरकत नाही. फार कडक घेतल्यास बेल्ट तापतो, लवकर झिजतो आणि पुढे वेगही रोखला जातो.

प्रश्न : क्लचच्या स्प्रिंगा कडक केल्या तर चढावर फायदा होईल का?

उत्तर : धावत्या गाडीला होणार नाही. त्या केवळ क्लच किती आरपीएमवर पकडेल एवढेच ठरवतात. चढावर थांबून पुन्हा निघताना थोडी मदत होते. परंतु रखडत चालणाऱ्या रहदारीत क्लच अधिक घसरतो व तापतो, त्यामुळे रोजच्या वापराच्या गाडीत त्या मूळच्याच ठेवाव्यात.