निदान लांबले, पाय गेला : भरपाई कशी मागायची?

प्रश्न : माझा भाऊ (वय 34) ट्रॉलरवर खलाशी आहे. पायाला मासळीचा काटा लागला, सूज आली, ताप भरला. खासगी रुग्णालयात दोन रात्री सलाइन लावून ठेवले. 'जखमेचा ताप आहे, उतरेल' म्हणाले. तिसऱ्या दिवशी बीपी लागेना, तेव्हा गोव्याला बांबोळीला पाठवले. तिथे सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणे) निघाला आणि गुडघ्याखाली पाय कापावा लागला. रुग्णालयाचे 80 हजार आम्ही भरले. आता ते डिस्चार्ज कार्डाशिवाय दुसरा कागद देत नाहीत. दावा करता येईल का?
– एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : येईल. मात्र पाय गेला किंवा निदान चुकले, एवढ्यावर दावा उभा राहत नाही. जेकब मॅथ्यू प्रकरणात (2005) सर्वोच्च न्यायालयाची कसोटी अशी : तेवढेच शिकलेल्या साधारण डॉक्टरने त्या परिस्थितीत जे केले असते, ते इथे झाले का? सेप्सिसमध्ये याचे उत्तर वेळेच्या नोंदींत असते, म्हणून आधी कागद मिळवा.

भावाच्या सहीचा लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2002च्या नियमांनुसार मागणीनंतर 72 तासांत कागद द्यावे लागतात. ते जपण्याची सक्ती तीनच वर्षांची आहे, तेव्हा थांबू नका. 'सगळे कागद' असे मोघम लिहू नका. नर्सिंग नोट्स, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाची नोंद), औषधांचा चार्ट, लघवीची नोंद, लॅबचे रिपोर्ट आणि रेफर चिठ्ठी नावानिशी मागा. मेडिकल स्टोअरची बिले तर सोन्यासारखी जपा. त्यावर वेळ छापलेली असेल, तर अँटिबायोटिक खरोखर कधी आणले हे त्यावरून कळते. बांबोळीचे रुग्णालय सरकारी आहे. तिथले दाखल होतानाचे टिपण आणि कल्चर रिपोर्ट (कोणता जंतू होता ते सांगणारा) माहिती अधिकारातही मागता येतात, मुदत 30 दिवस.

मग तासवार तक्ता करा. समजा, रात्री 2 वाजता सिस्टरने नाडी 130, श्वास 28, बीपी 90/60 अशा धोक्याच्या खुणा लिहिल्या आहेत, डॉक्टरांची पुढची नोंद सकाळी 9.30ची आहे आणि मध्ये फक्त पॅरासिटामॉल. तुमचा दावा त्या साडेसात तासांत आहे. 2021च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की सेप्टिक शॉक (सेप्सिसने बीपी कोसळणे) असेल तर अँटिबायोटिक एका तासात द्यावे. शॉक नाही पण सेप्सिसचा संशय कायम आहे, तर तीन तासांत. शिवाय जखम आत सडत असेल तर औषध पुरत नाही, ती उघडावी लागते. सर्जनला कधी बोलावले, हेही पाहा.

बहुतेक दावे पडतात ते पुढच्या पायरीवर : वेळेत उपचार झाले असते तर पाय वाचला असता का? रुग्णालय म्हणेल, तुम्हीच उशिरा आलात. घरी किती दिवस काढले ते लपवू नका. केसपेपरवर ते बहुधा लिहिलेले असतेच. जिल्ह्याबाहेरच्या एमडी किंवा सर्जनकडून नेमक्या याच प्रश्नावर लेखी मत घ्या. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असे नाही, हे व्ही. किशन राव निकालात (2010) म्हटले आहे, पण सेप्सिसच्या दाव्यात त्या भरवशावर राहू नये.

तक्रार सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत. ई-जागृती पोर्टलवरूनही भरता येते. जिल्हा, राज्य की राष्ट्रीय, कोणत्या आयोगाकडे जायचे हे ठरते भरलेल्या पैशांवरून, मागितलेल्या भरपाईवरून नाही. पाच लाखांपर्यंत भरले असतील तर फी शून्य. मागणीत बिले, बुडालेली मजुरी, कृत्रिम पाय व तो पुढे बदलण्याचा खर्च आणि बोटीवर परत जाता न येण्याचे नुकसान वेगवेगळे मांडा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार जरूर करा. तिथे डॉक्टरवर कारवाई होते, पैसे मिळत नाहीत.

प्रश्न : हेच सरकारी रुग्णालयात घडले असते तर?

उत्तर : जिथे सगळ्यांवर मोफत उपचार होतात ते रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही; केसपेपरचे नाममात्र पैसे भरले तरीही नाही (व्ही. पी. शांता निकाल, 1995). तिथे दिवाणी दावा करावा लागतो आणि त्याआधी सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.