पाचवी-सहावीच्या मुलांना ग्रीक तत्त्वज्ञांची ओळख कशी करून द्यावी?

नावं आणि सनावळ्यांपासून सुरुवात नकाच करू, मुलं तिथंच कंटाळतात. मी थेल्सपासून सुरू करेन. मिलेटसचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, इ.स.पू. ६व्या शतकातला माणूस, सगळं पाण्यापासून झालंय म्हणायचा. चुकला तो, पण देवादिकांची गोष्ट न सांगता कारण शोधायला निघाला हे केवढं मोठं आहे! मुलांना विचारा, तुम्हाला काय वाटतं, सगळं कशापासून बनलंय, आणि मग गप्प बसून ऐका.

झेनो या ग्रीक तत्त्वज्ञाचं, वेगवान वीर अकिलीस आणि कासव यांच्या शर्यतीचं कोडं फळ्यावर नको, मैदानात खडूने रेघा मारून करा, कासव थोडं पुढे, अकिलीस तिथं पोचेपर्यंत ते जरासं सरकलेलं, परत तेच, मग तो गाठणार कधी? मुलं तावातावाने भांडतात, भांडू द्या.

सॉक्रेटिस शेवटी. त्याने स्वतः काहीच लिहून ठेवलं नाही, अथेन्सच्या बाजारात लोकांना धरून धैर्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय असं विचारत राहायचा, आणि इ.स.पू. ३९९ मध्ये त्याला विष प्यावं लागलं. हे लपवू नका प्लीज, मुलांना झेपतं. वर्गात "मैत्री म्हणजे काय" विचारा, उत्तर आलं की "नेहमीच तसं असतं का?" एवढंच पुढे विचारायचं.