स्कूटर तुमच्या नावावर आहे, ताई

प्रश्न: आम्ही नायगावला राहतो. धाकटा भाऊ २२ वर्षांचा. कूपरेजवर फुटबॉल लीग खेळायचा. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि खेळ संपला. गेलं वर्षभर जुन्या टीममधल्या मित्राची ‘पाकिटं’ माझ्या स्कूटरवरून पोचवायचा. फेरीला दोन हजार, यूपीआयवर. मला शंका यायची, पण घरात पैसे येत होते. परवा तो मित्र ६० ग्रॅम एमडी ड्रगसकट पकडला गेला. काल पोलिसांचा फोन आला, भावाला चौकशीला पाठवा म्हणून. भावाकडे काहीच सापडलेलं नाही. आई म्हणते, कणकवलीला मामाकडे पाठवू आणि मोबाइल फॉरमॅट करू. मोक्का लागेल का?

उत्तर: ताई, आधी आईला थांबवा. त्याचे मेसेज मित्राच्या मोबाइलमध्ये असतील, पैशांची नोंद बँकेत आहेच. मोबाइल पुसून यातलं काही जाणार नाही, पुरावा नष्ट केल्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ तेवढं वाढेल. आरोपीला लपवणं हा कलम २४९ खाली वेगळा गुन्हा आहे. त्यातून नवरा-बायकोला सूट आहे. आई, मामा, बहीण यांना नाही.

‘काहीच सापडलेलं नाही’ यावर तुम्ही फार विसंबून आहात. जमशेदपूर एफसीकडून आयएसएल ही फुटबॉल लीग खेळलेला जे इमॅन्युएल-थॉमस आठवतो का? २०२४ साली लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावर ६० किलो गांजा सापडला तो दोन महिलांच्या बॅगांत. त्या बॅगा याच्या हातात नव्हत्या, तरी २०२५ मध्ये चार वर्षांची शिक्षा त्यालाही झाली. तिथला कायदा वेगळा, पण कट आपल्याकडेही असाच जोडतात. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याचं कटाचं कलम २९ लागलं की मित्राकडचे ६० ग्रॅम भावाच्याही खात्यात पडू शकतात. एमडीची व्यावसायिक मात्रा, म्हणजे सर्वात कडक शिक्षेचं प्रमाण, ५० ग्रॅमच्या वर सुरू होते, आणि पावडरीत भेसळ असली तरी वजन सगळ्याचं धरतात (हिरा सिंग निकाल, २०२०). शिक्षा १० ते २० वर्षं. आरोपी दोषी नसावा असं न्यायाधीशांना सकृद्दर्शनी वाटल्याशिवाय कलम ३७ जामीन देऊ देत नाही. आरोपपत्राला १८० दिवसांची मुदत असते, तीही वाढू शकते.

भावाच्या बाजूनेही मुद्दे आहेत. तपास अधिकाऱ्यापुढे मित्राने दिलेल्या कबुलीवर भावाला दोषी ठरवता येत नाही; तोफान सिंग निकालाने (२०२०) ते स्पष्ट केलं. त्यामुळे सरकार पक्षाला कॉल, व्यवहार, सीसीटीव्ही असा दुवा लागेल. ‘पाकिटात काय होतं माहीत नव्हतं’ हा बचाव मात्र जपून घ्या. माहिती होती असं कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध करायचं ओझं आरोपीवर. आणि फेरीला दोन हजार घेणाऱ्या मुलावर कोर्ट सहज विश्वास ठेवेल, असं मला वाटत नाही.

मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागेल का ते आज लगेच सांगता येत नाही. त्यासाठी दहा वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं लागतात, पण ती टोळीवर असली तरी पुरतं. भावाची पाटी कोरी आहे, एवढ्याने तो सुटत नाही.

आता तुमचं. स्कूटर जप्त होऊ शकते. ती सोडवायची तर वापर तुमच्या नकळत झाला आणि तुम्ही योग्य ती काळजी घेतली होती, हे तुम्हालाच दाखवावं लागेल. जाणूनबुजून गाडी वापरू दिली असं ठरलं तर एनडीपीएसचं कलम २५ तुमच्यावरही येतं. म्हणून ‘मला शंका यायची’ हे वाक्य आता वकिलाशिवाय कुणाला लिहू नका, बोलू नका, कुटुंबाच्या ग्रुपवर तर नाहीच. शिवाय भावाचा आणि तुमचा वकील वेगळा ठेवा. खर्च दुप्पट वाटेल, पण उद्या त्याचा बचाव तुमच्या अंगावर येऊ शकतो. बाई म्हणून तुम्हाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा.

चौकशीला बोलावलंय त्याची लेखी नोटीस मागा. साक्षीदार म्हणून की संशयित म्हणून, ते त्यातून कळेल. नोटीस हातात येण्याआधीच वकिलाला फोर्टच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाबद्दल विचारा. व्यावसायिक मात्रेत तो क्वचितच मिळतो, तरी विचारा. भाऊ गेला तर नाव-पत्ता खरा सांगावा, स्वतःला अडकवणाऱ्या प्रश्नाला गप्प राहावं. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. अटक झालीच तर २४ तासांत न्यायाधीशांपुढे नेणं आणि घरी कळवणं पोलिसांना बंधनकारक आहे.

आज रात्री स्कूटरचं आरसी बुक, विम्याचे कागद आणि भावाचं वर्षभराचं बँक स्टेटमेंट एका पिशवीत काढून ठेवा. वकील हेच आधी मागेल.