हृदयविकाराचा झटका आणि दूरचे रुग्णालय : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमचे गाव लोंढ्याच्या आतल्या बाजूला जंगलात आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकांच्या छातीत कळ आली. मुलांनी गाडी खानापुरात न थांबवता थेट बेळगावला नेली. तालुक्याच्या दवाखान्यात थांबून इंजेक्शन घेणे बरे, की थेट मोठे रुग्णालय गाठणे बरे? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : मुलांनी बेळगावला नेले यात चूक नाही, खानापुरात ईसीजी न काढता नेले, ही चूक आहे. झटक्याचा जो प्रकार सर्वांत घाईचा असतो, त्यात हृदयाची मोठी रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झालेली असते आणि ईसीजीच्या पट्टीवर ‘एसटी’ नावाचा भाग वर उचललेला दिसतो. ही वाहिनी दोन मार्गांनी उघडता येते. एक मार्ग तात्काळ अँजिओप्लास्टीचा, म्हणजे बारीक तार आणि फुगा आत घालून वाहिनी उघडण्याचा, आणि दुसरा गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा. पहिला मार्ग निःसंशय सरस आहे, पण ईसीजीत निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत तारेने वाहिनी उघडली जाणार असेल तरच. तेवढ्या वेळात ते जमणार नसेल, तर दहा मिनिटांत इंजेक्शन सुरू करावे, असे जागतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

आता खानापूरचा हिशेब पाहू. बेळगाव तेथून अवघे २६ किलोमीटर आहे. दिवसाची वेळ असेल, डॉक्टरांनी फोन करून कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) आणि तज्ज्ञ तयार असल्याची खात्री करून घेतली असेल, तर पुढे नेणेच योग्य. पण रात्री दोन वाजता, फोन न करता, एका दवाखान्यातून दुसऱ्यात, तेथे अनामत रकमेची जमवाजमव आणि संमतीपत्रावर सही कोणी करायची यावर भावांची चर्चा, असा प्रवास असेल तर १२० मिनिटे कधी सरली ते कळतही नाही. बेळगावपासून दूरच्या अथणी किंवा रामदुर्गकडच्या रुग्णाबाबत तर, इंजेक्शन देण्यास अडचण नसेल, तर शंकेलाच जागा नाही. तेथे इंजेक्शन आधी, प्रवास नंतर.

उशिराची किंमत किती असते, याचे जुने पण अजूनही उपयोगी गणित १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या तासात इंजेक्शन मिळालेल्या दर हजार रुग्णांमागे, एरवी गेले असते असे सुमारे ६५ जीव जादा वाचतात. दुसऱ्या तासात हाच आकडा ३७ वर येतो. म्हणजे लोंढ्याहून निघालेल्या माणसासाठी खानापूर हा वाटेतला थांबा नसून उपचाराचे पहिले ठिकाण आहे.

प्रश्न : सरकारी दवाखान्यातले इंजेक्शन हलके असते, असे ऐकतो. ते घेतल्यावर अँजिओप्लास्टी टळते का? त्याचा धोका काय? (एक वाचक, हुक्केरी)

उत्तर : ‘हलके’ हा शब्द बहुधा स्ट्रेप्टोकायनेजबद्दल वापरला जातो. हे जुने आणि स्वस्त औषध १५ लाख युनिट एवढ्या मात्रेत अर्ध्या ते एक तासात सलाईनमधून देतात. १९८८ च्या ‘आयसिस-२’ या प्रयोगात सतरा हजारांवर रुग्ण होते. त्यात स्ट्रेप्टोकायनेज आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांमध्ये पहिल्या पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले. ज्या औषधाने एवढे केले, त्याला हलके म्हणणे मला पटत नाही. मात्र टेनेक्टेप्लेज हे नवे औषध त्याहून चांगले आहे, कारण त्याने वाहिनी पूर्ण उघडण्याचे प्रमाण अधिक आहे आणि वजनानुसार एकाच दमात शिरेतून देता येत असल्याने छोट्या दवाखान्यातही ते सोयीचे पडते. कर्नाटक सरकारने २०२१ मध्ये अकाली निधन पावलेले अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाने ‘हृदय ज्योती’ योजना सुरू केली आहे. तीत तालुका रुग्णालयात काढलेला ईसीजी मोठ्या केंद्रातील हृदयरोगतज्ज्ञांना दाखवतात आणि गरज असल्यास हे महागडे इंजेक्शन मोफत देतात. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ते आज शिल्लक आहे का, हे ग्रामपंचायत सदस्यांनी अधूनमधून जाऊन विचारले, तर सभेतल्या अर्ध्या ठरावांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

इंजेक्शनने अँजिओप्लास्टी टळत नाही. ती घाईघाईने करण्याऐवजी सवडीने करता येते. इंजेक्शननंतर तास-दीड तासाने ईसीजी पुन्हा काढतात. उचललेला भाग निम्म्याने खाली आला नसेल, तर रुग्णाला लगेच पुढे हलवावे लागते. खाली आला असेल, तरी साधारण २ ते २४ तासांत अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांची तपासणी, व्हावी. तामिळनाडूत छोटे दवाखाने मोठ्या रुग्णालयांशी जोडून अशी साखळी बांधली आणि २,४२० रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. गोव्यातही बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाभोवती अशीच व्यवस्था उभी आहे.

धोका रक्तस्रावाचा असतो. शंभरात सुमारे एकाला मेंदूत रक्तस्राव होतो. म्हणून पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, अलीकडे पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, शौचावाटे रक्त जात असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगावे. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल, तर तो आधी खाली आणावा लागतो. पंचाहत्तरीपुढील रुग्णाला टेनेक्टेप्लेजची निम्मी मात्रा देतात. आणि ‘एसटी’ उचललेला नसेल, तर हे इंजेक्शन देत नाहीत. तेव्हा नातेवाइकांनी त्यासाठी हट्ट धरू नये. पुढच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी देताना तिच्यावर इंजेक्शनचे नाव आणि घड्याळातली वेळ लिहून घ्या, पहिली ईसीजी पट्टी सोबत ठेवा. स्ट्रेप्टोकायनेज एकदा दिले असेल, तर ते पुन्हा देता येत नाही, म्हणून ते नाव कायम जपून ठेवण्याजोगे आहे.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. गाडी येईपर्यंत घरात काय करावे? व्हॉट्सॲपवर जोरात खोकण्याचा उपाय फिरतो. बहुतेक जण तर ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पितात. (चिकोडी तालुका)

उत्तर : आपल्याकडे सर्वांत जास्त वेळ दवाखान्यात जात नाही, सोड्यात जातो. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या भारतातील वीस हजारांवर रुग्णांच्या नोंदींत, त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला निम्म्या रुग्णांना ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास, किंवा त्याहून जास्त वेळ लागल्याचे दिसले. छातीवर दगड ठेवल्यासारखे दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ आणि दरदरून घाम असेल, तर तो गॅस धरू नये. शुगर असलेल्यांना आणि स्त्रियांना कधी नुसता दम लागतो किंवा गळून गेल्यासारखे होते.

ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी, नाहीतर ७५ च्या चार गोळ्या, चावून गिळायला द्याव्यात. ॲलर्जी असेल किंवा रक्ताची उलटी होत असेल, तर देऊ नये. सॉर्बिट्रेट ही रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी मात्र शेजाऱ्याच्या डब्यातून काढून जिभेखाली ठेवू नका, कारण रक्तदाब आधीच कमी असेल तर तो आणखी कोसळतो. रुग्णाला चालवू नये, टेकून बसवावे. १०८ ला फोन करताना कन्नड सफाईने बोलणारे कोणी जवळ असेल, तर फोन त्यांच्याकडे द्यावा. तेथे भाषेचा बाणा दाखवण्याची गरज नाही. खोकण्याने काहीही साधत नाही. माणूस बेशुद्ध पडून श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबत राहावे.

प्रश्न : निपाणीहून कोल्हापूर जवळ की बेळगाव? आणि कोणते कार्ड चालेल? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट, झटक्याला राज्याची हद्द कळत नाही. प्रश्न पैशांचा आहे. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना देऊ केली आणि कर्नाटकाने तीस हरकत घेतली. आपले कार्ड कोल्हापुरातील कोणत्या रुग्णालयात स्वीकारतात, हे घरी सर्व धडधाकट असतानाच विचारून ठेवावे. वाहिनी उघडी ठेवण्यासाठी आत बसवतात त्या जाळीच्या नळीची, म्हणजे स्टेंटची, किंमत २०१७ पासून सरकार ठरवते, त्यामुळे बिलात स्टेंटचे नाव व किंमत वेगळी मागण्याचा आपणास अधिकार आहे.

प्रश्न : वडिलांना स्टेंट घालून चार महिने झाले. आता बरे वाटते, गोळ्या कमी कराव्यात का? (खानापूर)

उत्तर : नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर एकत्र चालतात, त्यांतली ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी बहुधा आयुष्यभर. दात काढण्यासाठी कोणी त्या बंद करायला सांगितल्या, तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. खर्च झेपत नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. याच गोळ्या जेनेरिक नावाने जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त मिळतात.