‘परवानगी’ वेगळी, ‘अंमलबजावणी’ वेगळी

गोरेगावच्या एका वाचकांनी विचारले आहे की, कुबरनेटिससारख्या कंटेनर प्लॅटफॉर्मवर (म्हणजे अ‍ॅप्स स्वतंत्र ‘डब्यां’त बंद करून चालवणाऱ्या व्यवस्थेत) ‘पॉलिसी एन्फोर्समेंट’ निवडावे की ‘रोल-बेस्ड अ‍ॅक्सेस कंट्रोल’, आणि मराठी टिपणात दोन्हींना ‘परवानगी’ म्हटले तर चालेल का. चालणार नाही. मुंबईतल्या आयटी कार्यालयांत हा घोळ सतत कानावर येतो आणि शब्दांतला घोळ पुढे निवडीतही उतरतो.

कोणी, कशावर, कोणती क्रिया करावी, एवढेच रोल, म्हणजे वापरणाऱ्याला नेमून दिलेला अधिकारांचा संच, ठरवतो. त्यात नकाराचा नियम नसतो, परवानग्यांची फक्त बेरीज होते. पॉलिसी मात्र ओळख आणि अधिकार तपासून झाल्यावर, ‘अ‍ॅडमिशन’च्या टप्प्यावर, म्हणजे मागणी स्वीकारण्याआधीच्या तपासणीत, मागणीतला मजकूर पाहते. पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) तयार करण्याचा अधिकार असलेल्याच्या यामल फाइलमध्ये, म्हणजे मागणीचा तपशील लिहिलेल्या फाइलमध्ये, ‘प्रिव्हिलेज्ड: ट्रू’ (कंटेनरला मूळ यंत्रावर जवळपास पूर्ण मोकळीक) अशी ओळ असली, तरी रोलच्या लेखी ती मागणी निर्दोषच असते, तिला अडवते ती पॉलिसी. लोकलचा पास खिशात असला म्हणून रॉकेलचा डबा घेऊन चढता येत नाही, तसेच हे. उलट, सीक्रेट (पासवर्डसारखी गुप्त माहिती) नुसते वाचण्याची मागणी अ‍ॅडमिशनपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे तिथे रोलला पर्याय नाही. जुनी ‘पॉड सिक्युरिटी पॉलिसी’ रोलमार्फतच लागू होत असे. म्हणजे तिथे दोन्हींची सरमिसळच होती; २०२२ मध्ये कुबरनेटिसच्या १.२५ या आवृत्तीतून ती काढून टाकली, हे योग्यच झाले.

आता ‘अंमलबजावणी’कडे वळू. ‘अंमल’ म्हणजे अरबी ‘अमल’, कृती. त्यातूनच सत्तेचा अंमल आला आणि नशेचाही, म्हणून अमली पदार्थ. ‘बजावणी’ला मात्र काही मंडळी हिंदीतल्या ‘बजाना’शी जोडून थेट दवंडीपर्यंत पोहोचतात. ही व्युत्पत्ती मला मुळीच मान्य नाही. फारसीत ‘बजा’ म्हणजे जागच्या जागी, योग्य ठिकाणी, आणि ‘बजा आवर्दन’ म्हणजे हुकूम पार पाडणे. आपण नोटीस बजावतो, कर्तव्य बजावतो, त्यात वाजवण्याचा संबंध येतोच कुठे? फारसी मूळ धरले की हा शब्द पॉलिसीला नेमका बसतो: गेटकीपर किंवा कायव्हर्नो ही पॉलिसी लागू करणारी साधने प्रत्येक वस्तू नियमाप्रमाणे जागच्या जागी आहे का, हेच तपासतात, आणि नसेल तर सांगितल्याप्रमाणे ती बदलूनही घेतात.

तेव्हा पॉलिसीसाठी ‘नियमांची अंमलबजावणी’ लिहावे आणि ‘परवानगी’ रोलसाठी राखून ठेवावी. ‘भूमिकाधारित प्रवेश-नियंत्रण’ हा प्रतिशब्द मात्र टाळावा; ‘भूमिका’ म्हटले की मराठी वाचकाला आधी एखाद्या पक्षाचे मत आठवते, आणि सीक्रेट वाचणे किंवा पॉड काढून टाकणे यांत ‘प्रवेश’ कुठेच नाही.